मनीप्लांटची बाटली

मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे प्लीज दुर्लक्ष करा. विषय साधाच आहे: घरात लावलेली मनीप्लांटची वेल.

आमच्या फ्लॅटमध्ये ऊन येतच नाही, तरी ही बया वाढते. दहावीच्या सुट्टीत मी एक फांदी पेराखाली कापून काचेच्या बाटलीत खोचली. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटली, आणि बघता बघता वेल शोकेसवरून खिडकीच्या गजापर्यंत पोचली. आई म्हणायची, "तुझ्या अभ्यासापेक्षा हीच बरी वाढत्येय."

पाहुणे म्हणायचे, पैसा येतो, हवा शुद्ध होते. पैशाचं सोडा. हवेसाठी सगळे नासाचा १९८९ चा प्रयोग सांगतात, पण तो बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये असे जुने प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा निघालं की घरात नेहमी जेवढी हवा खेळते तेवढं काम झाडांकडून हवं असेल तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. मग आम्ही झोपायचं कुठे?

गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या धाकट्या भावाला डेंग्यू झाला. रोज प्लेटलेट्सचा रिपोर्ट, रोज धाकधूक. महापालिकेची माणसं तपासणीला आली. कुंड्यांखालच्या ताटल्या बघून झाल्यावर त्यातल्या काकूंनी माझी बाटली उचलून उजेडात धरली. आत अळ्या वळवळत होत्या.

"पाणी कधी बदललंस गं?"

मी गप्प. मी वरून भर घालायचे, बदलत नव्हतेच. त्याला चावलेला डास याच बाटलीतला, असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण आई मला एका शब्दानेही बोलली नाही, ते जास्त लागलं.

म्हणूनच 'काही बघावं लागत नाही' असं सांगून या वेली विकतात ना, त्यावर माझा राग आहे. झाडाला बघावं लागत नसेल, पाण्याला लागतं! अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे दर आठवड्याला पाणी ओतून द्यायचं आणि बाटली आतून घासायची, कारण अंडी काचेला चिकटतात. हे जमणार नसेल तर सरळ मातीत लावा. तळाला भोक असलेली कुंडी, वरची माती सुकली की पाणी, आणि खालची ताटली रिकामी. घरात मांजर असेल तर उंच टांगा, पानं चावली तर तिच्या तोंडाची आग होते.

भाऊ बरा झाला. मी वेल फेकायला निघाले होते, त्यानेच अडवलं. आता ती कुंडीत, पडद्याच्या दांडीवरून खाली सोडली आहे. चोरून आणलेली मनीप्लांटच वाढते म्हणतात. माझ्याकडे चोरू नका, मागा. फांदी देईन, बाटली देणार नाही.