परवाना देताना घरातल्या बाईला विचारा



गेल्या पावसाळ्यात आमच्या केंद्रावर एक बाई आल्या. शाळेत शिक्षिका, वय चाळिशीच्या आसपास. पर्समधून एक अर्ज काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज. "ताई, एवढा भरून द्या." भीती कुणाची आहे, असे विचारले तर बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "ह्यांची. ह्यांच्याकडे आहे ना परवाना. जेवताना ताटाशेजारी काढून ठेवतात."

मी तो अर्ज भरला नाही. बरोबर केले की चूक, हे आजही मला नीट सांगता येत नाही.

त्या दिवसानंतर मी कायदा काढून वाचला. शस्त्र कायदा १९५९ चा, सध्याचे नियम २०१६ चे. वय किमान २१, पोलिस ठाण्याचा अहवाल, शरीर-मन ठीक असल्याचा डॉक्टरी दाखला, शिवाय शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. हत्यार कसे धरावे, कसे चालवावे, कसे न्यावे, घरी कसे सांभाळावे, हे त्यात शिकवतात. बाहेर नेताना ते पूर्ण झाकलेले हवे, चारचौघांत काढून मिरवायचे नाही. म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला ते दिसू नये, याची काळजी नियमांनी घेतली आहे. या बाईंच्या नवऱ्याने हे सारे सोपस्कार रीतसर पार पाडले होते. कुणी विचारले नाही ते फक्त बायकोला.

बायकांनीही बंदूक बाळगावी, असा सल्ला अधूनमधून मिळतोच. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१४ साली, कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' हे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर खास बायकांसाठी म्हणून काढले. किंमत सव्वा लाखाच्या घरात आणि पेटी दागिन्यांच्या डबीसारखी! पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही, असे कायदा म्हणतो. धुणीभांडी करणारीने सव्वा लाख कुठून आणायचे, ते सोडाच. पण नोंद झालेल्या बलात्कारांत दहातले नऊहून अधिक आरोपी ओळखीतले असतात. ज्या घरात मारणारा राहतो, त्याच घरातल्या कपाटात तिचे रिव्हॉल्व्हर राहणार आणि किल्ली कुठे असते हे त्याला ठाऊक असणार.

कॅनडात १९८९ साली माँट्रिआलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एका माणसाने चौदा जणींना गोळ्या घालून मारले. त्यानंतर बायकांनीही नेटाने लावून धरले म्हणून १९९५ चा शस्त्र कायदा आला. तिथे परवान्याच्या अर्जावर जोडीदाराची सही मागतात, गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्या जोडीदाराचीसुद्धा. सही नसेल तर त्या व्यक्तीला सरकार स्वतः कळवते. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत संरक्षण अधिकाऱ्याने पोलिसांच्या मदतीने हत्यार जप्त करण्याची सोय आहे, पण ती हिंसा होऊन प्रकरण न्यायालयात गेल्यावर.

या बाईंची तक्रार आम्ही दाखल केली आहे. हत्यार जप्त करावे, असा अर्जही जोडला आहे. परवाना देताना आणि दर नूतनीकरणाला घरातल्या बाईला एकटीला भेटून तिचे म्हणणे नोंदवावे, अशी मागणी आम्ही केंद्रीय गृहमंत्रालयाकडे पाठवत आहोत. मसुदा या अंकासोबत जोडला आहे. आपापल्या गटांत वाचा, पटला तर सह्या करून पुढच्या अंकाआधी आमच्याकडे पाठवा.