अंगठा आणि टिक

आमच्या वस्तीत वकील झाले, डॉक्टर झाले, मास्तर तर गल्लीगणिक आहेत. सीए किती झाले ते मोजा. एका हाताची बोटंसुद्धा शिल्लक उरतात. असं का, याचं उत्तर सांगणारे शहाणे पुष्कळ. गणित कच्चं, इंग्रजी कच्चं, पोरांत दम नाही वगैरे. मी म्हणतो, पेपरावर नंबर असतो, त्याला जात दिसत नाही. जात दिसते ती आर्टिकलशिपला.

आर्टिकलशिप म्हणजे उमेदवारी. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटर, मग एखाद्या सीएच्या हाताखाली शिकाऊ म्हणून राबायचं. ही उमेदवारी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. ती केल्याशिवाय सीए होता येत नाही. आणि ऑफिस मिळतं कसं? मामाच्या ओळखीनं. बापाचं दुकान ज्याच्याकडे ऑडिटला आहे, त्याच्या ओळखीनं. सोसायटीच्या खजिनदाराच्या ओळखीनं. नाव टाकायला संस्थेचं पोर्टल आहे, पण माणूस निवडतं ते ऑफिसच. घाटकोपर घ्या, मुलुंड घ्या, बोरिवली घ्या, स्टेशनाबाहेर सीएंच्या पाट्याच पाट्या. आणि रमाबाई नगरातल्या पोराचा मामा नाक्यावर काम मिळायची वाट बघत उभा, बाप कचऱ्याच्या गाडीवर. त्यांची ऑडिटरशी ओळख होणार कुठून? मग मुलाखतीत पहिला प्रश्न आडनाव, दुसरा प्रश्न राहायला कुठं. तिसरा प्रश्न येतच नाही.

मी स्वतः दहावीनंतर मुलुंडच्या एका ऑफिसात वर्षभर काढलं. आर्टिकल म्हणून नव्हे, मॅट्रिकवाल्याला ते दार उघडतच नाही. व्हाउचरं तारखेनं लावायची, पंच मारायचं, फायली बांधून अंधेरीच्या गाळ्यांपर्यंत पोचवायच्या. पण आर्टिकल पोरांच्या शेजारी बसून त्यांचं काम डोळ्यांनी शिकलो. व्हाउचर बघायचं, कॅशबुकातली रक्कम बघायची, जुळली की टिक. ३१ मार्च आला की गोडाऊनात जाऊन माल मोजायचा. तिथंच मला हमालीची व्हाउचरं भेटली. वर रक्कम, खाली निळा अंगठा. रक्कम जुळते. टिक.

पुढं गोदीत एका कंत्राटदाराकडे लागलो, आणि त्या कागदामागचा माणूस मीच झालो. कागदावर एक रक्कम, मुठीत दुसरी. मी निदान सही करतो, माझ्या टोळीतले म्हातारे अजून अंगठाच उठवतात. तुम्ही विचाराल, ऑडिटरला हे दिसत नाही काय? कसं दिसणार? वही आणि व्हाउचर जुळलं की त्याचं काम झालं. ज्याच्या घरात कुणाच्या पाठीवर कधी गोणी आली नाही, त्याला अंगठा म्हणजे फक्त पोचपावती वाटते. पण ज्याच्या बापाचा अंगठा तसल्याच कागदावर उठलाय, ते पोर तिथं थांबेल. म्हणेल, साहेब, टिक मारायच्या आधी ह्या माणसाला विचारू या. मला असलं पोर त्या टेबलावर हवंय. नुसता कोट घातलेला आपला माणूस नकोय.

आता पैशाचं बोलू. एकेकाळी उमेदवार शिकण्यासाठी ऑडिटरला प्रीमियम मोजायचा. तो रिवाज गेला, आता ऑफिस विद्यावेतन देतं. पण नियमानं ठरलेली किमान रक्कम मुंबईसारख्या शहरातही चार आकड्यांतच. एवढ्यात पोट भरायचं की खोलीचं भाडं द्यायचं? म्हणजे दोन वर्षं घरानं पोराला पोसायचं आणि त्याचा येणारा पगारही सोडायचा. हा प्रीमियमच झाला. फक्त रोखीनं नाही, उपासानं भरायचा. उलट ज्यांच्या घरी ददात नाही, त्यांच्यातली काही पोरं डमी आर्टिकलशिप करतात. ऑफिसात पाऊल नाही, हजेरी मात्र पूर्ण.

बाबासाहेबांना या धंद्याची आतली वाट ठाऊक होती. परदेशातून परतल्यावर त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचं ऑफिस काढलं. जात कळली आणि गिऱ्हाईक तुटलं. तोच माणूस पुढं १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होता. ज्याचा सल्ला बाजाराला विटाळ वाटला, त्याच्याकडून हिशेबनीस होऊ पाहणारी पोरं कायदा शिकली! आणि ३० मे १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी सांगितलं की, देशाचे हिशेब तपासणारा महालेखापरीक्षक हा बहुधा घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे. त्यानंतर महिनाभरानं, १ जुलै १९४९ ला, चार्टर्ड अकाउंटंट्सचा कायदा अमलात आला. सरकारचा हिशेब असो की शेठचा, तपासणाऱ्याच्या हातात सत्ता असते. हे बाबासाहेबांना कळलं होतं. आपण मात्र सत्ता म्हणजे खुर्ची एवढंच धरून बसलो.

म्हणून मागणी सरळ मांडतो. आम्हाला परीक्षेत मार्कांची खैरात नको. विद्यावेतन किमान वेतनाइतकं करा. आर्टिकल ओळखीनं नको, संस्थेनं गुणांच्या यादीनं वाटून द्या. आणि सरकारी बँकांचं, सरकारी कंपन्यांचं ऑडिट ज्या फर्मना मिळतं, त्यांनी आमच्या वस्त्यांतली पोरं आर्टिकल म्हणून घेतलीच पाहिजेत. त्या पैशात आमचाही घाम आहे.

आणि कॉमर्सला बसलेल्या पोरापोरींनो, मोर्चात तुम्ही हवेच आहात. पण ताळेबंद वाचता येणारा एक जण प्रत्येक वस्तीत पाहिजे. आपल्या नावावर आलेला पैसा कुठं गेला, हे घोषणेनं कळत नाही. त्यासाठी वही उघडावी लागते. आजवर तिच्यात आपण फक्त खर्चाच्या बाजूला होतो, अंगठा होऊन. आता पेन हातात घेऊन समोर बसायचं.