लहान घरात जाताना आधी माणसांची यादी

लालबाग-परळ पट्ट्यातील एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणा. चाळ पुनर्विकासाला गेली आहे आणि दोन महिन्यांत घर रिकामे करायचे आहे. शेजारीशेजारच्या दोन खोल्या आणि समोरची गॅलरी, एवढ्यात तीन पिढ्यांचा संसार झाला. आता नवी इमारत उभी राहीपर्यंत संक्रमण शिबिरातील १८० चौरस फुटांच्या एका खोलीत दिवस काढायचे. माणसे पाच : पंचाहत्तरीच्या आजी, मुलगा, सून, दहावीतील नात आणि पाचवीतील नातू. आजींना मधुमेह आहे, गुडघे धरतात. नातवाला दमा आहे. घरात रोज रात्री एकच विषय निघतो. शिसवी कपाट गावी पाठवायचे की विकायचे? पितळेचे हंडे, शिलाई मशीन, सहा गाद्या, गणपतीचे मखर, माळ्यावरच्या तीन ट्रंका यांचे काय करायचे? यादी होते, खोडली जाते, पुन्हा होते. आजी ‘तुम्हाला हवं ते करा’ म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात.

घर लहान करण्याची वेळ अनेकांवर येते. कोणावर पुनर्विकासामुळे, कोणावर कर्जाचा हप्ता झेपत नाही म्हणून, तर कोणी निवृत्तीनंतर आपण होऊन लहान जागा पसंत करतो. अमेरिकेत तर लहानशा घरात राहण्याची चळवळच उभी राहिली. तिथल्या निवासी बांधकाम संहितेच्या २०१८ च्या आवृत्तीत ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी स्वतंत्र परिशिष्ट जोडले गेले. अशा घरांची देखणी छायाचित्रे आपल्याही मोबाइलवर येतात. पण त्या घरात बहुधा एक-दोन माणसे राहतात आणि दाराबाहेर मोकळी जमीन असते. आपल्याकडे त्याच्या निम्म्याहून कमी जागेत पाच जण राहतात आणि दाराबाहेर दुसऱ्याचे दार असते. म्हणून वस्तू कमी करण्याचे तिकडचे सल्ले इथे अर्धेच उपयोगी पडतात. आपल्याकडे सामानाच्या यादीआधी माणसांची यादी करायला हवी : कोण कुठे झोपणार, कोणाला कोणता आजार, रात्री कोणाला उठावे लागते, अभ्यास कोण कधी करणार. कपाट ठेवायचे की नाही, याचे उत्तर त्या यादीतूनच निघते.

दाटीवाटीचा आणि आजाराचा संबंध मुंबईला नवा नाही. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला, तेव्हा कोंदट, अंधाऱ्या खोल्यांकडे बोट दाखवले गेले. १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे त्याच सुमारास पुढे आले. म्हणजे कोंदट हवा हे त्या रोगाचे खरे कारण नव्हते. पण क्षयरोगाच्या बाबतीत तो संशय पुरेपूर खरा आहे. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि बंद खोलीत बराच काळ तरंगत राहतात. खिडकी उघडी असेल तर ते विरळ होतात, उन्हात मरतात. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. मुंबईच्या पूर्व उपनगरातील पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर असलेल्या या वसाहतींत ऊन आणि वारा न पोहोचणाऱ्या घरांचा क्षयरोगाशी संबंध त्यात दिसून आला. घरे पक्की होती, नळ होता, संडास होता. कमी होती ती हवा.

तेव्हा नव्या खोलीत पहिला हक्क खिडकीचा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण-दमट हवामानात खोलीच्या खिडक्या आणि झरोके यांचे एकूण क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावे. दार त्यात धरत नाहीत. १८० चौरस फुटांच्या खोलीला हा हिशोब लावला तर तीस चौरस फूट, म्हणजे सहा फूट बाय पाच फुटांची खिडकी हवी. बहुतेकांना ती मिळणार नाही. पण जी काही खिडकी असेल तिच्यासमोर कपाट उभे करणे, तिच्या कट्ट्यावर डबे रचणे किंवा ती कायमची बंद करून वर पडदा सोडणे, हे तरी आपल्या हाती आहे. शिसवी कपाट कितीही मोलाचे असो, ते खिडकी अडवत असेल तर त्याची जागा त्या खोलीत नाही. ओले कपडे आत वाळवले की भिंती दमट होतात, बुरशी धरते आणि दम्याच्या मुलाची रात्र खोकण्यात जाते. कपडे वाळवायला बाहेर जागा आहे का, हे खोली ताब्यात घेण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

हवेबरोबर धुराचाही विचार करावा. मोठ्या घरात खपून जाणारी सवय लहान खोलीत महाग पडते. डासांची एक कॉइल पूर्ण जळताना जितके अतिसूक्ष्म कण हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे असतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले होते. दारे-खिडक्या लावून पाच जण झोपलेल्या खोलीत ती लावण्यापेक्षा मच्छरदाणी बरी. सहा गाद्यांच्या ढिगापेक्षा ती जागाही कमी घेते. स्वयंपाकाच्या गॅसचेही तसेच. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, आणि लहान घरात माणसे झोपतात ती जमिनीवरच. रात्री रेग्युलेटर बंद करण्याची सवय लावावी आणि रबरी नळी वेळेवर बदलावी. गॅस गिझर बंदिस्त न्हाणीघरात कधीही बसवू नये. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आंघोळीला गेलेले माणूस चक्कर येऊन कोसळते आणि बाहेरच्यांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

जागा कमी पडली की नजर वर जाते आणि पोटमाळा तयार होतो. सामानासाठी तो ठीक आहे, माणसासाठी मात्र विचार करूनच. उष्ण हवा वर जाते. आग लागली तर धूरही आधी वरच साचतो. उल्लेख केलेल्या अमेरिकी परिशिष्टात पोटमाळ्यावर झोपायचे असेल, तर तिथून थेट बाहेर पडता येईल अशी खिडकी असावी, असा दंडक आहे. आपल्याकडे पोटमाळ्याला एक लोखंडी शिडी असते आणि तिच्या खाली गॅसची शेगडी. मुलांना तिथे निजवण्यापूर्वी आई-बापांनी एकदा वर चढून, दिवे मालवून, पाच मिनिटे पडून पाहावे. मग निर्णय घ्यावा.

आता आजींकडे वळू. घर आवरताना सगळ्यात आधी अडगळ ठरतो तो त्यांचा लोखंडी पलंग. ‘जमिनीवर झोपतील’ असे म्हणून तो भंगारात जातो. पण गुडघे धरलेल्या, मधुमेही म्हाताऱ्या माणसाला रात्री लघवीसाठी दोनदा-तीनदा जमिनीवरून उठावे लागणे म्हणजे पडण्याला आमंत्रण. या वयात खुब्याचे हाड मोडले तर पुष्कळदा माणूस पूर्वीसारखा चालू लागत नाही, आणि काही जण त्या अंथरुणातून उठतच नाहीत. म्हणून पलंग राहू द्यावा. त्याच्याखाली ट्रंका मावतात. पलंगापासून मोरीपर्यंतची वाट मोकळी ठेवावी, तिथे पायपुसण्याची घडी, वायर किंवा बादली नसावी, रात्री एक लहान दिवा जळत असावा आणि मोरीच्या भिंतीला धरायला दांडी असावी. हे करायला जागा लागते ती फूटभर, पैसेही फार नाहीत.

आवराआवरीतच एक मोठी चूक घडते आणि तिचा फटका सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसतो. घर बदलताना जुनी फाइल गेली, असे सांगणारे रुग्ण सतत येतात. कोणते ऑपरेशन झाले, कोणत्या औषधाची रिअॅक्शन आली, इन्सुलिन किती होते, काहीच सांगता येत नाही. मग सगळ्या तपासण्या पुन्हा होतात. पितळेचे हंडे मोजून ठेवणाऱ्या घरात डिस्चार्ज कार्ड रद्दीत जाते. प्रत्येक माणसाची एक प्लास्टिकची पिशवी करावी. त्यात डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी, अलीकडचे अहवाल आणि मुलांची लसीकरणाची कार्डे ठेवावीत, शिवाय मोबाइलवर त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत. उलट मुदत संपलेल्या गोळ्या, अर्धवट राहिलेली प्रतिजैविके, नाव पुसलेली सिरपे निर्धास्त टाकून द्यावीत. लहान घरात औषधांचा डबा मुलांच्या हाताशी येतो, हेही लक्षात ठेवावे.

घरात क्षयाचा रुग्ण असेल तर पत्ता बदलण्यापूर्वी उपचार केंद्राला कळवणे अत्यंत गरजेचे आहे. रुग्णाची नोंद ‘निक्षय’ प्रणालीत असते आणि ती नव्या भागातील केंद्राकडे पाठवता येते. सामान हलवण्याच्या धांदलीत पंधरा दिवसांच्या गोळ्या चुकल्या, तर जंतू औषधाला दाद न देण्याचा धोका वाढतो. मग त्याच एका खोलीत झोपणाऱ्या सगळ्यांनाच त्याची झळ पोहोचू शकते. घरातील इतरांनीही तपासणी करून घ्यावी. गरज असेल त्यांना प्रतिबंधक उपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

राहिला मनाचा प्रश्न. पसारा कमी झाला की मन हलके होते, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. लॉस एंजेलिसमधील नोकरदार जोडप्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या घराचे वर्णन पसारा, अर्धवट कामे अशा शब्दांत करणाऱ्या स्त्रियांमध्ये कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी दिवसभरात जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती. पण आजींच्या ट्रंकेला पसारा म्हणण्यापूर्वी थांबावे. वस्तू टाकता न येणे हा काही जणांत खरोखर आजार असतो. २०१३ पासून मानसोपचाराच्या वर्गीकरणात त्याला वेगळे स्थान आहे. घरात चालायलाही वाट उरत नाही, इतकी साठवण होते तेव्हा उपचार लागतात. ट्रंकेतली पैठणी आणि पतीचा चष्मा जपणारी आजी आजारी नसते. उतारवयात, विशेषतः विस्मरण सुरू झालेल्या माणसाला, ओळखीच्या चार वस्तू नव्या जागेत आधार देतात. त्यांच्या पाठीमागे सामान भंगारवाल्याला देऊन टाकण्याऐवजी एक ट्रंक त्यांची, ती कोणी उघडायची नाही, असे ठरवून टाकावे. बाकीच्या वस्तू कोणाला द्यायच्या हे त्यांनाच सांगू द्यावे. शिलाई मशीन भाचीकडे गेले तर ते गेलेले वाटत नाही. दहावीतल्या मुलीलाही एक पडदा, एक दिवा आणि संध्याकाळचे दोन तास टीव्ही बंद, एवढे मिळायला हवे. चाळीत हे काम गॅलरी करत होती. शिबिरात ती नसेल, तर जवळची अभ्यासिका शोधणे हा सामान बांधण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे. कोणाची झोप उडाली, चिडचिड वाढली, जगण्यात रस वाटेना, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

कुटुंबाने एवढे करूनही काही गोष्टी त्याच्या हातात नसतात. खोलीत तीनपेक्षा अधिक माणसे राहत असतील, तर संयुक्त राष्ट्रांच्या ‘हॅबिटॅट’ संस्थेच्या निकषाने ते घर दाटीचे ठरते. संक्रमण शिबिरातील पाच माणसांची खोली त्या निकषात पहिल्या दिवशीच नापास होते. ‘तात्पुरते’ हा शब्द लावल्याने त्या खोलीतील हवा सुधारत नाही, आणि कित्येकांचे तात्पुरते दिवस वर्षानुवर्षे लांबले आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनातील घराचे क्षेत्र १८० चौरस फुटांवरून टप्प्याटप्प्याने ३०० चौरस फुटांपर्यंत वाढले, ही चांगलीच गोष्ट. पण जागेचा आकडा वाढताना दोन इमारतींमधले अंतर आक्रसत असेल, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. संक्रमण शिबिराच्या खोल्यांना वायुवीजनाचे किमान निकष सक्तीचे करणे, ताबा देण्यापूर्वी आरोग्य विभागाकडून त्यांची पाहणी होणे, वृद्ध आणि आजारी माणसे असलेल्या कुटुंबांना तळमजल्याची पण उजेडाची खोली प्राधान्याने देणे, या मागण्या अवास्तव नाहीत. रहिवाशांच्या सोसायट्या विकासकाशी करार करताना नव्या घराच्या चौरस फुटांसाठी महिनोन्महिने भांडतात. मधल्या काळातील खोलीला खिडकी किती, हेही त्यांनी त्याच बैठकीत विचारावे.

त्या कुटुंबाने आता यादी पुन्हा करायला घ्यावी. पहिल्या ओळीत आजींचा पलंग, दुसऱ्या ओळीत नातवाचा इन्हेलर आणि सगळ्यांच्या फायली, तिसऱ्या ओळीत मच्छरदाणी. शिसवी कपाटाची पाळी त्यानंतर. आणि लिहायला बसताना आजींनाही जवळ बोलवावे.