देवनारचा उकिरडा कुणासाठी साफ होतोय?

मुंबई महानगरपालिकेला एकाएकी देवनारच्या उकिरड्याची घाण यायला लागली आहे. शंभर वर्षं होत आली, तोवर आली नव्हती. मे २०२५ मध्ये नाकाला रुमाल लावून टेंडर निघालं: १८५ लाख टन कचरा, २,३६८ कोटी रुपये, मुदत तीन वर्षं. डोंगर उपसायचा, चाळायचा, माती एकीकडे, प्लास्टिक एकीकडे, आणि खालची जमीन मोकळी करायची. याला ते बायोमायनिंग म्हणतात.

घाण हटत असेल तर हटू द्या. उकिरडा उशाशी असावा अशी हौस आमच्यात कुणाला नाही. मला एवढंच विचारायचं आहे, की ही घाण आत्ताच का दिसली?

उत्तर सोपं आहे. जमिनीला भाव आला. २०२४ मध्ये राज्य सरकारनं या डंपिंगची १२४ एकर जागा धारावीच्या पुनर्विकासासाठी द्यायचं ठरवलं. हा पुनर्विकास करणाऱ्या कंपनीत ८० टक्के अदाणी समूह आणि २० टक्के सरकार. धारावीत ज्यांचं झोपडं १ जानेवारी २००० नंतरचं, जे माळ्यावर राहतात, त्यांना धारावीत घर नाही. त्यांना बाहेर. आणि बाहेर म्हणजे कुठं, तर त्या यादीत देवनारचा उकिरडा. शहराचं चामडं कमावणारा, मडकी भाजणारा, भंगार वेगळं करणारा माणूस चाळणीतून खाली पडला की तो थेट कचऱ्यावर पडणार. म्हणजे चाळणी दोन आहेत दोस्तांनो. एक कचऱ्याची, एक माणसांची.

ही रीत मला नवी नाही. मी मिरजगावचा, कर्जत तालुक्यातला, नगर-सोलापूर रस्त्यावरचा. गाव कसं वसतं ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. गाव वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आम्ही खालच्या. मेलेलं ढोर ओढायचं आम्ही आणि हाडकीही आमच्याच दारात. बहात्तरच्या दुष्काळात आमची आत्या दुष्काळी कामावर खडी फोडून फोडून थकली आणि तिनं मुंबईची गाडी धरली. बाबासाहेबांनी सांगितलंच होतं, खेडी सोडा, शहराकडं चला. ती आली. आणि शहरानं तिला जागा कुठं दिली? देवनारला, कचऱ्याच्या कडेला. पाठीवर गोणी. गाडी खाली झाली की धावायचं, लोखंड, काच, प्लास्टिक निवडायचं, संध्याकाळी भंगारवाल्याच्या काट्यावर घालायचं आणि मिळेल तेवढ्यात चूल पेटवायची. हाडकी काय सुटली न्हाई, फक्त मोठी झाली.

ज्या १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याच सालापासून देवनारला मुंबईचा कचरा पडतोय असं सांगतात. इकडं माणूस पाण्यासाठी लढत होता, तिकडं शहर त्याच्यासाठी उकिरडा मांडत होतं. त्या डोंगराखाली ना अस्तर, ना बंधन. कचरा कुजतो, मिथेन तयार होतो, आपोआप पेट घेतो. बॅटऱ्या, औषधं, रसायनं, सगळ्याचं मिळून काळं पाणी झिरपतं ते ठाण्याच्या खाडीत. त्याच खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगोंसाठी अभयारण्य जाहीर झालं. पाखरांशी आपलं वैर नाही. पण पाखरांची हद्द सरकारनं आखून दिली, त्यांच्या शेजारी राहणाऱ्या शिवाजीनगरच्या, बैंगनवाडीच्या माणसाच्या श्वासाची हद्द कुणी आखली?

जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं. धूर दिवसेंदिवस हटेना, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २९ फेब्रुवारी २०१६ ला हायकोर्टानं सांगितलं, कचऱ्याची सोय नाही तर मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी नाही. तेव्हा कुठं बिल्डरांच्या डोळ्यांत धूर गेला! मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती बंदी उठवली, टॉवर पुन्हा चढू लागले. आणि आगीनंतर उकिरड्याभोवती काय आलं? भिंत आणि पहारेकरी. कचरा वेचणाऱ्या बाया चोर ठरल्या. ज्यांनी कुणाचं टेंडर न घेता, पगार न घेता, हातमोजे न घालता पन्नास वर्षं या शहराचा कचरा वेगळा केला, त्या बाहेर. आता तेच काम २,३६८ कोटींना निघालं आहे. याला म्हणतात विकास.

आता ‘साफ करणं’ म्हणजे काय ते नीट बघा. भोपाळचा युनियन कार्बाइडचा कारखाना १९८४ च्या त्या रात्रीनंतर बंद पडला. आवारातला ३३७ टन विषारी कचरा उचलायला चाळीस वर्षं लागली. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनर निघाले आणि अडीचशे किलोमीटरवरच्या पीथमपूरला पोचले. तिथले लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी अंगावर पेट घेतला. तरी जून अखेरपर्यंत सगळं जाळलं. राख उरली ती पीथमपूरच्या वाट्याला. आणि भोपाळच्या त्या जमिनीत मुरलेलं, विहिरीत उतरलेलं विष तिथंच आहे. उचलणं वेगळं आणि साफ करणं वेगळं.

हे ३३७ टनांचं झालं. देवनारला १८५ लाख टन आहे. चाळून उरेल ते कुठं जाणार? कुठल्या खाणीत, कुठल्या गावाच्या पडीक रानात, कुणाच्या वस्तीशेजारी? मुलुंडला ७० लाख टनांचं असंच काम २०१८ मध्ये दिलं, सहा वर्षांत पुरं व्हायचं होतं, २०२५ उजाडलं तरी पुरं झालं नव्हतं. मग अडीचपट डोंगर निम्म्या वेळात कसा सपाट होणार? सपाट होईल तो कागदावर. आणि कागदावर सपाट झालेल्या जमिनीवर खरी माणसं आणून बसवतील.

हे आधी झालेलं आहे. तानसा जलवाहिनीजवळची घरं पाडून माणसं माहुलला नेऊन टाकली, रिफायनरीच्या कुशीत. तिथली हवा माणसाच्या तब्येतीला घातक आहे असं हरित लवादानं २०१५ मध्येच म्हटलं होतं. तरी नेली. लोक भांडले, तेव्हा २०१९ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं, यांना दुसरीकडं राहायला महिना १५,००० भाडं द्या. तोवर खोकून खोकून किती गेले त्यांचा हिशेब कुठल्या फायलीत आहे?

कायद्याचं म्हणाल तर कायदाही आपल्याला वळसा घालून जातो. २०१६ च्या नियमांत लिहिलं होतं, कचराभूमी वस्तीपासून २०० मीटर लांब हवी. देवनारला वस्ती भिंतीला पाठ लावून बसली आहे. आणि जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी नवे नियम काढले. ज्यानं जमीन नासवली त्यानं खर्च भरायचा, हे त्यातलं चांगलं कलम. पण शहरी कचऱ्याच्या डंपिंगला त्यातून आधी वगळलं, आणि विष ठरावीक मर्यादेपलीकडं गेलं तरच आत घेतलं. मर्यादा मोजणार कोण? ज्यांना जमीन पाहिजे तेच ना!

काही शहाणे म्हणतील, तुम्हांला प्रत्येकच गोष्टीत जात दिसते. होय, दिसते. मलबार हिलला उकिरडा दाखवा, मग नाही दिसणार.

म्हणून आपलं मागणं भीक म्हणून नाही, हिशेब म्हणून असलं पाहिजे. देवनारच्या मातीची, पाण्याची, वायूची तपासणी पालिकेबाहेरच्या लोकांकडून व्हावी आणि मराठीत वस्तीच्या नाक्यावर लागावी. ती बरी येईपर्यंत तिथं एकही कुटुंब आणू नये. चाळलेला माल कुठल्या गावात जातो ते त्या गावाला आधी कळावं आणि नाही म्हणायचा हक्क त्याला असावा. उपसण्याचं काम पहिलं वेचणाऱ्या बायांना, पगारी, हातमोज्यासकट. आणि मोकळ्या जमिनीवर पहिला हक्क, तो तिच्या धुरात पिढी काढलेल्यांचा.

आणि आपल्या पोरांना एक सांगणं. जयंतीला डीजे लावायला आपण वर्गणी काढतो, निळा झेंडा उंच धरतो. धरूच. पण ज्या नाल्यावर तो झेंडा रोवलाय त्याचं पाणी तपासायला आपण कधी वर्गणी काढली? गोवंडीतल्या किती बौद्ध विहारांत या टेंडरचा कागद वाचला गेला? धारावीच्या पोरांना देवनारचे पोर भेटले का? एकाला तिकडून हाकलतायत, दुसऱ्याच्या छातीवर आणून बसवतायत, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. ही गोष्ट व्यवस्थेनं केलेली नाही, ती आपण होऊ देतोय.

तेव्हा येत्या रविवारी धारावीच्या पोरांनी देवनारला जावं. भाषण नको. डोंगर बघा, काळं पाणी बघा, म्हाताऱ्या बायांना विचारा. मग ठरवू, टेंडरला जाब कसा विचारायचा ते.