लाटसाहेब आणि छापखान्याचे कुलूप

हुकूम देण्याची सवय म्हणजेच राज्य करण्याची पात्रता, अशी समजूत ज्या व्यवस्थेत रुजते तेथे कर्तबगार अधिकारीही प्रजेला जाच ठरतो. दुष्ट राज्यकर्त्याचा दुष्टपणा चटकन ओळखू येतो. परंतु कामाचा उरक असलेला, थोडीफार लोकहिताची दृष्टी असलेला, मात्र प्रश्न विचारलेले मुळीच न खपणारा राज्यकर्ता ओळखण्यास वेळ लागतो. आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील केप वसाहतीचा १८१४ ते १८२६ या काळातील गव्हर्नर लॉर्ड चार्ल्स सॉमरसेट हा या दुसऱ्या जातीचा राज्यकर्ता होता आणि म्हणूनच त्याचे चरित्र आजही उद्बोधक आहे.

सॉमरसेट हा इंग्लंडमधील ब्यूफर्टच्या पाचव्या ड्यूकचा दुसरा मुलगा. जन्म १७६७ चा. थोरल्याकडे जहागीर आणि धाकट्यांकडे लष्कर, हा तेथील सरदार घराण्यांचा रिवाज. त्यानुसार तो विशीच्या आतच घोडदळात दाखल झाला आणि वशिल्याच्या पायऱ्यांनी जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढला. मोठ्या रणांगणावरचा पराक्रम त्याच्या नावावर नाही. वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावून पुढे लॉर्ड रॅग्लन म्हणून प्रसिद्धीस आला, तो त्याचा धाकटा भाऊ. चार्ल्सपाशी होते ते घराण्याचे नाव, पार्लमेंटमधील जागा आणि सत्ताधाऱ्यांशी असलेला घरोबा. एवढ्या भांडवलावर वर्षाला १० हजार पौंड पगाराची गव्हर्नरी त्याच्याकडे चालून आली. डच लोकांची बहुसंख्य वस्ती, हजारो गुलाम, खोइखोई मजूर आणि पूर्व सरहद्दीवर आपल्या गायरानांसाठी झगडणारे खोसा लोक, अशा या वसाहतीवर त्याचा एकट्याचा शब्द हाच कायदा होता. सल्लागार मंडळ नेमले गेले ते थेट १८२५ साली.

सॉमरसेटने काहीच चांगले केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मद्यावरील कराच्या उत्पन्नातून केपटाउनला सार्वजनिक ग्रंथालय काढण्याचा जाहीरनामा १८१८ साली निघाला तो त्याचाच. उत्तम जातीचे घोडे आणवून त्याने वसाहतीतील पैदास सुधारली. मात्र या शौकात गव्हर्नर कोणता आणि घोड्यांचा व्यापारी कोणता, हे लोकांना उमगेना. न्यूलँड्स येथील निवासस्थानावर सरकारी पैसा सढळ हाताने खर्च झाला. मुलगा हेन्री याला वडिलांच्या अमदानीत याच वसाहतीत लष्करी अधिकाराच्या जागा मिळत गेल्या. डच भाषिकांची संख्या मोठी असताना १८२२ साली फर्मान निघाले की, कचेऱ्यांत आणि न्यायालयांत टप्प्याटप्प्याने इंग्रजीच चालेल. न्यायाची भाषा लोकांच्या भाषेपासून तोडली की काय होते, हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको.

सरहद्दीवर तर लष्करी बाण्याने अनर्थच केला. खोसा समाजात अनेक प्रमुख असताना सॉमरसेटने १८१७ साली न्गिका या एकालाच सर्वांचा धनी मानले. आज्ञा देणाऱ्याला आज्ञा घेणारा एकच माणूस सोयीचा असतो. न्गिकाच्या विरोधकांनी ही मखलाशी जुमानली नाही, तेव्हा सैन्य पाठवून त्यांची सुमारे २३ हजार गुरे हाकून नेण्यात आली. गुरांवरच ज्यांचे जगणे त्यांनी स्वस्थ बसावे ही अपेक्षाच वेडगळ होती. २२ एप्रिल १८१९ रोजी मखांडा या धर्मपुरुषाच्या नेतृत्वाखाली हजारो खोसांनी ग्रॅहम्सटाउनवर चाल केली. तोफाबंदुकांपुढे तिचा पाडाव झाला. मखांडाला रॉबेन बेटावर डांबण्यात आले आणि तेथून सुटण्याच्या प्रयत्नात तो समुद्रात बुडाला. ज्या न्गिकासाठी हा सारा खटाटोप झाला, त्याच्याही ताब्यातील विस्तीर्ण मुलूख वर्ष सरण्यापूर्वी सोडवून घेण्यात आला. मित्राला मिळालेले हे बक्षीस!

तथापि, सॉमरसेटची गादी हलली ती तोफेने नव्हे, छापखान्याने. १८२० साली इंग्लंडहून सुमारे ४ हजार वसाहतकरी आले. पिके बुडाल्याने ते गांजले; पण गाऱ्हाणी मांडण्यासाठी एकत्र जमावे, तर १८२२ च्या जाहीरनाम्याने विनापरवाना सभांना बंदी घातलेली. अशा वेळी ७ जानेवारी १८२४ रोजी जॉर्ज ग्रेग या मुद्रकाने ‘साउथ आफ्रिकन कमर्शियल ॲडव्हर्टायझर’ हे पत्र सुरू केले आणि टॉमस प्रिंगल व जॉन फेअरबर्न यांनी त्याचे संपादन हाती घेतले. गव्हर्नरच्या बदनामीबद्दलच्या एका खटल्याचा वृत्तांत पत्रात येऊ लागताच सरकारी वकिलाने मजकूर छापण्यापूर्वी दाखविण्याची मागणी केली. संपादकांनी ती मानली नाही; मे महिन्यात पत्र बंद करणे त्यांनी पत्करले. तेव्हा सरकारने छापखान्याला मोहोर ठोकली आणि ग्रेगला महिन्याच्या आत वसाहत सोडण्याचा हुकूम झाला. प्रिंगल हा त्याच सरकारी ग्रंथालयात नोकरीला होता. गव्हर्नरने त्याला समोर बोलावून दरडावले. त्याने नोकरीवर पाणी सोडले. ग्रंथालय उघडणारा आणि छापखान्याला कुलूप लावणारा हात एकच होता. लोकांनी वाचावे, पण लिहू नये, हाच त्या औदार्याचा अर्थ!

यावर असे म्हटले जाते की, सरहद्द धुमसत असताना शिस्त हवीच होती. वस्तुतः हे पत्र सरहद्दीवरच्या सैन्याची गुपिते फोडत नव्हते. ते केपटाउनच्या उघड्या न्यायालयात बोलले गेलेले शब्द छापत होते. संरक्षण राज्याचे नव्हते, राज्यकर्त्याच्या अब्रूचे होते. ग्रेगने लंडन गाठून दाद मागितली आणि ऑगस्ट १८२५ मध्ये पत्र पुन्हा निघाले. तक्रारींचा ओघ पार्लमेंटपर्यंत पोहोचला. सॉमरसेट १८२६ साली मायदेशी गेला, त्याने पुढल्या वर्षी राजीनामा दिला आणि १८३१ साली तो वारला. पत्र १८२७ साली पुन्हा एकदा बंद पडले. पण १८२९ च्या कायद्याने वृत्तपत्रांना गव्हर्नरच्या मर्जीतून मुक्त केले.

हा दूरदेशीचा किस्सा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. १८२३ साली कलकत्त्यात जेम्स बकिंगहॅम या संपादकाची हद्दपारी झाली आणि परवान्याच्या जाचक नियमांच्या निषेधार्थ राममोहन रॉय यांनी आपले फारसी पत्र बंद केले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली मुंबईत निघाले, तेव्हा हिंदुस्थानातील मुद्रणस्वातंत्र्याचा १८३५ चा कायदा व्हावयाचा होता. पुढे सॉमरसेटचा तोच मुलगा हेन्री १८५५ ते १८६० या काळात मुंबईच्या लष्कराचा सरसेनापती होता आणि याच काळात, १८५७ साली, इकडील छापखान्यांवर परवान्याचे बंधन पुन्हा लादले गेले. साम्राज्याचा संसार असा एकत्र कुटुंबाचा होता.

केपमधील मुद्रणस्वातंत्र्य प्रथम गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी मिळविले. खोसांची गायराने त्याने परत आली नाहीत, हेही विसरता कामा नये. पण प्रिंगल लंडनला जाऊन गुलामगिरीविरोधी संस्थेचा चिटणीस झाला, हा योगायोग नव्हे. स्वतःच्या तोंडावरचा हात ज्याने अनुभवला, त्याला दुसऱ्याच्या पायातील बेडी लवकर दिसते.

सॉमरसेटने आपल्या घराण्याची नावे गावांना दिली. त्यांतील काही नकाशावर टिकली आहेत. ग्रॅहम्सटाउनचे नाव मात्र २०१८ साली बदलले. ते शहर आता मखांडा म्हणून ओळखले जाते. नावे कोरण्याचा अधिकार सत्तेला काही काळ असतो. ती ठेवण्याचा अधिकार अखेर लोकांचा. छापखान्याला कुलूप लावणाऱ्यांना तेवढे एक नेमके उमगत नाही.