शस्त्रांचे सिंहासन

लंडन येथील ब्रिटिश संग्रहालयाने 2002 साली एक खुर्ची संपादन केली. दुरून पाहणाऱ्यास ती एखाद्या गावठी लोहाराने जोडलेली साधी लोखंडी खुर्ची भासावी. परंतु जवळ जाताच पाहणारा दचकतो. तिचे हात, पाय, बैठक आणि पाठ ही सर्व बंदुकांच्या तुकड्यांची आहेत. मोझांबिक देशातील केस्टर नावाच्या शिल्पकाराने ती 2001 साली घडविली. तिला ‘शस्त्रांचे सिंहासन’ असे नाव मिळाले आहे.

मोझांबिक हा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील देश. गोव्याप्रमाणे तोही शतकानुशतके पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. इतकेच नव्हे, तर 1752 पर्यंत त्याचा कारभार गोव्याहूनच चाले. 1964 साली तेथे स्वातंत्र्याचा सशस्त्र लढा सुरू झाला आणि 25 जून 1975 रोजी देश स्वतंत्र झाला. पण स्वातंत्र्याची पहाट उजाडते न उजाडते तोच 1977 पासून यादवी पेटली. बंडखोरांना शेजारच्या गोऱ्या राजवटींनी बळ दिले, तर सरकारला सोव्हिएत गटाने. 4 ऑक्टोबर 1992 रोजी रोम येथे तह झाला, तोवर लढाई आणि दुष्काळ यांत सुमारे दहा लक्ष माणसे बळी पडली होती.

तहाच्या कागदावर सह्या झाल्या, म्हणून घराघरांत दडविलेल्या आणि रानात पुरलेल्या बंदुका थोड्याच नाहीशा होतात! 1995 साली तेथील ख्रिस्ती मंडळींच्या परिषदेने बिशप दिनिश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने एक योजना आखली. तिचे नावच ‘शस्त्रांच्या कुदळी’ अशा अर्थाचे होते. बंदूक आणून द्यावी आणि तिच्या मोबदल्यात कुदळ, सायकल, शिवणयंत्र किंवा घरावर घालण्याचे पत्रे न्यावेत. एका गावाने मिळून शस्त्रे जमा केली, तेव्हा त्या गावाला ट्रॅक्टर मिळाला. या व्यवहारात मोठे शहाणपण आहे. ज्याच्या हातून बंदूक काढून घ्यावयाची, त्याच्या हाताला दुसरे काम दिले नाही, तर तो हात पुन्हा बंदुकीकडेच वळणार.

गोळा झालेली शस्त्रे तोडून निकामी केली जात, आणि त्यांचे काही तुकडे राजधानी मापुतो येथील कलावंतांकडे येत. केस्टर हा त्यांपैकीच एक. त्याने खुर्चीच्या पाठीसाठी पोर्तुगीज बनावटीच्या जुन्या जी-3 रायफली घेतल्या. म्हणजे गुलामगिरीचा काळ पाठीशी आला. बैठकीत पोलंड व चेकोस्लोव्हाकिया येथील बंदुका आहेत, तर पुढच्या एका पायाची नळी उत्तर कोरियाची. पाठीच्या वरच्या टोकास दोन लाकडी दस्ते आहेत. त्यांवरील स्क्रूची छिद्रे डोळ्यांसारखी आणि पट्टा अडकविण्याची खाच तोंडासारखी दिसते, आणि ते चेहरे चक्क हसत आहेत असे वाटते. केस्टरने ते हास्य कोरलेले नाही. ते बंदुकीतच होते.

यावर कोणी म्हणेल, की ज्या लोखंडाने माणसे मारली, ते वितळवून टाकावे. त्याची शोभेची वस्तू कशाला करावी? आक्षेप पोकळ नाही. मृतांच्या आप्तांना अशी खुर्ची पाहवणार नाही, हेही समजण्यासारखे आहे. परंतु वितळलेले लोखंड सर्व विसरते; त्याची कढई झाली, तर ती कशाची झाली हे कोण सांगणार? केस्टरने घोडा घोडाच राहू दिला, नळी नळीच राहू दिली. त्याने विद्रूप ते सुंदर केले नाही, एवढ्यासाठीच त्याचे काम श्रेष्ठ मानावे लागते. त्याच देशातील गोन्सालो माबुंदा हा शिल्पकारही अशाच तुकड्यांतून सिंहासने व मुखवटे करीत आला आहे, आणि तेथेही बंदूक लपत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. अशा शिल्पांनी युद्ध थांबले का? थांबले नाही. 2005 साली याच योजनेतील चार कलावंतांनी शस्त्रांतून घडविलेला, साडेतीन मीटर उंचीचा आणि अर्धा टन वजनाचा ‘जीवनवृक्ष’ लंडनला उभा राहिला. आणि 2017 साली मोझांबिकच्या उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात पुन्हा रक्तपात सुरू झाला. हे सत्य झाकण्यात अर्थ नाही. मात्र त्याचा दोष शिल्पकाराच्या माथी मारणे हा अन्याय होय. त्या खुर्चीतील एकही बंदूक आफ्रिकेत बनलेली नव्हती. ज्यांनी त्या बनविल्या व विकल्या, त्यांना कोणी खुर्ची घडवावयास लावलेले नाही! म्हणूनच ही खुर्ची मापुतोऐवजी लंडनला असावी का, या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. मोझांबिकच्या मुलांना ती सहज पाहता येत नाही, ही हानी आहेच. पण शस्त्रे विकणाऱ्या देशांपैकी एकाच्या शाळांतून आणि तुरुंगांतून ती फिरविली गेली, हे फार योग्य झाले.

मोझांबिकच्या राष्ट्रध्वजावर 1983 पासून एक उघडे पुस्तक आहे आणि त्यावर एकमेकींस छेद देणाऱ्या दोन वस्तू आहेत: एक कुदळ, दुसरी एके-47 बंदूक. स्वातंत्र्य तिच्यामुळे मिळाले व तिच्यामुळेच टिकेल, असे एका पक्षाचे म्हणणे. ती काढून टाकावी, असे दुसऱ्याचे. वाद बराच झाला. बंदूक अद्याप ध्वजावर आहे, आणि कुदळही.