वणव्याचे घड्याळ कोणाच्या हाती? कुमाऊं, १९२१ ते २०२४

१/ १३ जून २०२४. उत्तराखंडातील अल्मोडा जिल्ह्यात, बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेल्या वनखात्याच्या पथकातील चौघे जागीच होरपळून मृत्युमुखी पडले. त्याच उन्हाळ्यात हवाई दलाची हेलिकॉप्टरे भीमतालच्या तलावातून पाणी उचलून नैनितालच्या डोंगरांवर ओतत होती. उपग्रह होते, हेलिकॉप्टर होते, मोबाइलवर येणारा इशाराही होता. तरी वणवा पुढे आणि शासन मागे, असे का घडते? याचे उत्तर १९२१च्या कुमाऊंत सापडते. 🧵

२/ शासनाला लागणारा वेळ एकसंध नसतो. त्याचे चार तुकडे पडतात: आग दिसणे, वर्दी पोहोचणे, माणसे निघणे आणि माणसे जागेवर पोहोचणे. गेल्या वीस वर्षांत शासनाने बहुतांश बुद्धी पहिल्या दोन तुकड्यांवर खर्च केली. उरलेले दोन तुकडे मात्र डोंगरात पायी चालूनच पार करावे लागतात.

३/ डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४पासून उपग्रहांच्या आधारे वणव्यांचे इशारे देते. हे काम मोलाचे आहे, पण त्याला मर्यादा आहेत. यासाठी वापरला जाणारा प्रत्येक ध्रुवीय उपग्रह एका ठिकाणावरून दिवसाकाठी साधारण दोनदा जातो. दुपारचा फेरा होऊन गेल्यावर पेटलेली आग पुढच्या फेऱ्यापर्यंत त्याच्या नजरेआड राहू शकते. समोरच्या धारेवर गवत कापणाऱ्या बाईला मात्र तिचा धूर तेव्हाच दिसतो.

४/ इथे चार-सहा तासांचा विलंबही प्राणघातक ठरतो. कुमाऊंच्या मधल्या उंचीवर चीड वृक्षांची वने आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या सुकलेल्या सुयांचा, म्हणजे पिरूलचा, जाड थर जमिनीवर साचतो. खाली राळेचे झाड, वर कोरडा वारा आणि चढती उतरण. आग नेहमी चढाच्या दिशेने वेगाने धावते. सडक संपते तिथून पुढे वनरक्षकाला चालावे लागते, आणि गाव तर आधीपासूनच तिथे असते.

५/ मग गाव धावून का जात नाही? या प्रश्नाचा इतिहास १८२३पासून सुरू होतो. त्या वर्षी इंग्रज अधिकारी ट्रेल याने गावांच्या हद्दी नोंदवल्या. विक्रम संवत १८८०वरून लोक त्या हद्दींना ‘सन अस्सी’ म्हणू लागले. त्या हद्दीतले वन आपले, ही गावांची समजूत पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. गवत, सरपण, बांजाचा पाला, नांगराचे लाकूड हे सारे तिथूनच येई.

६/ १८९३मध्ये सरकारने मोजणीबाहेरची सारी पडीक भूमी ‘संरक्षित वन’ ठरवली. १९११ ते १९१७ या काळात त्यातील विस्तीर्ण प्रदेश ‘राखीव वन’ झाला. चराईवर, लाकूडतोडीवर आणि नवे गवत उगवावे म्हणून पिरूल जाळण्याच्या जुन्या रीतीवर बंधने आली. चीड वने मात्र रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि राळेसाठी सरकारच्या कामी येऊ लागली.

७/ हक्क आखडले, कर्तव्ये तशीच राहिली. १८७८च्या वन कायद्याने आणि नंतर १९२७च्या कायद्याने वनात हक्क असणाऱ्यांवर आग विझवण्याचे बंधन घातले. १९२७च्या कायद्याचे कलम ७९ सांगते की वणव्याची माहिती मिळताच, कोणी सांगो वा न सांगो, तो विझवण्यास लागावे. कसूर केल्यास मूळ कायद्यात एक महिन्यापर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. अर्थात तत्परतेची हमी शासनाने शिक्षेच्या धाकातून मिळवू पाहिली.

८/ हा धाक किती पोकळ होता, ते १९२१मध्ये उघड झाले. त्या जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी कुली-बेगार न देण्याची शपथ घेतली आणि बेगाऱ्यांच्या नावांच्या वह्या सरयू नदीत बुडवल्या. साहेबांचे सामान वाहायला माणसे मिळेनात. ज्या धाकाने ओझे उचलले जाई, त्याच धाकाने आगही विझवून घेतली जाई. धाक सरला आणि शासनाचे हातच गळाले.

९/ त्या उन्हाळ्यात कुमाऊंची वने पेटली. अनेक आगी हेतुपुरस्सर लावलेल्या होत्या. रामचंद्र गुहा यांनी ‘द अनक्वाएट वूड्स’मध्ये एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे: आगी मुख्यतः सरकारी व्यापाराच्या चीड वनांत लागल्या, गुराढोरांना पाला आणि झऱ्यांना पाणी देणारी रुंदपर्णी वने त्यातून वाचली. जाळणाऱ्याला आपले वन आणि सरकारचे वन यांतला भेद नेमका ठाऊक होता.

१०/ सरकारला धडा घ्यावाच लागला. १९२१मध्येच आयुक्त विंडहॅम यांच्या अध्यक्षतेखाली वनविषयक गाऱ्हाण्यांची समिती बसली. तिने गावोगाव हिंडून हजारो साक्षी ऐकल्या आणि व्यापारी मोल कमी असलेली वने वनखात्याच्या ताब्यातून काढण्याची शिफारस केली. त्याच वाटेने १९३१मध्ये वनपंचायतींचे नियम आले. गावाने निवडलेली पंचायत गावाचे वन राखू लागली. आज उत्तराखंडात अशा ११,०००हून अधिक वनपंचायती आहेत.

११/ वणव्याशी लढण्यासाठी आवश्यक अशी, प्रत्येक धारेपर्यंत पसरलेली संस्था म्हणजे दुसरे काय असते? पण स्वातंत्र्यानंतरच्या शासनाने तिच्यावर पूर्ण विश्वास टाकला नाही. १९७६च्या नियमांनी आणि पुढील दुरुस्त्यांनी वनखात्याची पकड पुन्हा आवळली. पंचायतीकडे राखणीची जबाबदारी राहिली. निर्णयासाठी आणि पैशासाठी तिला वरच पाहावे लागते. १९२१ची चूक सौम्य रूपात परतली.

१२/ येथे दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला असा की वणवे बहुतेक माणसेच लावतात किंवा त्यांच्या निष्काळजीपणातून लागतात. खरे आहे. म्हणूनच लावणारा आणि विझवणारा एकाच वस्तीतला असतो, हे धोरणाने ओळखायला हवे. दूरच्या अधिकाऱ्यापेक्षा शेजाऱ्याची नजर आगकाडीला अधिक लवकर रोखते. मात्र त्या शेजाऱ्याला वन राखण्यात काही लाभ दिसला पाहिजे.

१३/ दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. गावे रिकामी होत आहेत. २००१ ते २०११ या दशकात अल्मोडा आणि पौडी गढवाल या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. मागे राहिलेल्या स्त्रियांना आणि वृद्धांना ‘गावकरी धावून येतील’ असे म्हणत फुकट आगीत उतरवणे ही नवी बेगारच ठरेल. वेतन, विमा, जाड बूट आणि प्रशिक्षण यांवाचून गावाचा सहभाग हा शब्द उच्चारण्याचा अधिकार शासनाला नाही.

१४/ तेव्हा सुधारणा कोठे हवी? वेळेची मोजणी उपग्रहाच्या इशाऱ्यापासून न करता धूर प्रथम दिसल्यापासून व्हावी आणि चारही तुकड्यांची नोंद दर हंगामानंतर जाहीर व्हावी. फेब्रुवारीच्या मध्यात हंगाम सुरू होतो, त्याआधी निधी वनपंचायतीच्या खात्यात असावा. २०२४मध्ये पिरूल किलोमागे ५० रुपयांनी विकत घेण्याची मोहीम मे महिन्यात जाहीर झाली, तोवर डोंगर पेटलेले होते.

१५/ वनरक्षकांचे काय? त्याच मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला विचारावे लागले की ऐन वणव्याच्या दिवसांत वनकर्मचारी निवडणुकीच्या कामावर कसे? रिक्त पदांचा प्रश्नही तिथेच निघाला. निघण्यासाठी माणूसच नसेल तर इशारा दहा मिनिटांत आला काय आणि दोन तासांत आला काय, सारखेच.

१६/ महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला २००९मध्ये २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. तो कायदा ग्रामसभेला वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क देतो. कलम ७९ने जे कर्तव्य म्हणून लादले होते, तेच इथे हक्क म्हणून आले. पण हक्काच्या कागदासोबत निधी आणि साधने आली नाहीत, तर इथल्या ग्रामसभांचीही वनपंचायतींसारखीच कोंडी होईल.

१७/ बिनसर ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात १९२१ साली बागेश्वर मोडत होते. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी शासनाला दाखवून दिले की त्यांच्यावाचून त्याला ओझेही हलवता येत नाही आणि आगही विझवता येत नाही. नवी हेलिकॉप्टरे अवश्य घ्यावीत. पण पुढच्या फेब्रुवारीपूर्वी प्रत्येक वनपंचायतीला एकच प्रश्न विचारला जावा: धूर दिसला, तर निघायला तुम्हाला काय कमी पडते? आणि जे उत्तर येईल, त्यासाठी अंदाजपत्रकात पहिली तरतूद व्हावी.

#वणवा #कुमाऊं #वनपंचायत #इतिहास